आधी आपल्या ओट्याची फिल्म काढू द्या

प्रति,
मा. प्राचार्य, राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) कार्यक्रम अधिकारी आणि लघुपट स्पर्धांचे परीक्षक,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे

विषय : पहिल्याच वर्षी पोरांच्या हातात कॅमेरा देऊन त्यांना सातपुड्यात पाठवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी जळगावात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते. एकोणीस वर्षं झाली. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसते. डिसेंबर-जानेवारीत मात्र माझ्याकडे वेगळं गिऱ्हाईक येतं : तुमची पोरं-पोरी. हिवाळी शिबिरातून नुकतीच परतलेली असतात, सर्दी झालेली असते, खिशात पेनड्राइव्ह असतो. "ताई, पाच मिनिटांची डॉक्युमेंटरी करून द्या ना, परवा सबमिट करायचीय." पैसे कमी, घाई फार. तरी मी करून देते. मलाही हे काम एकानं असंच फुकटात शिकवलं होतं.

तुम्ही बघता ती तयार फिल्म. माझ्याकडे येतं ते कच्चं फुटेज, म्हणजे कॅमेरा सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंतचं सगळं. तुमच्यापर्यंत जे पोचत नाही ते माझ्या टेबलावर कापलं जातं, आणि कापणारी मीच असते. म्हणून हे पत्र.

काय असतं त्या कापलेल्यात? कॅमेऱ्यामागचे आवाज असतात. "आजी, परत एकदा हंडा घेऊन या ना, मघाशी सावली पडली." आजी दुसऱ्यांदा येते, तिसऱ्यांदा येते. तिसऱ्यांदा हंडा रिकामा असतो, दगडाला लागल्यावर वाजतो त्यावरून कळतं. मी त्या जागी बासरी टाकते, आवाज झाकला जातो. "इकडे बघू नका." "हसू नका, सिरियस विषय आहे." एक पोरगं खिदळत मध्ये येतं, त्याला दंडाला धरून चौकटीबाहेर काढलं जातं. दोन मिनिटांनी तेच पोरगं नाक पुसत एकटं उभं केलेलं दिसतं, आणि फिल्मच्या पोस्टरवर त्याचाच फोटो असतो.

एक क्लिप तर मी विसरू शकत नाही. तीन वर्षांपूर्वीची. धडगाव तालुक्यातला पाडा, घराच्या कुडाला टेकून एक बाई बसलीय आणि पावरी या तिथल्या आदिवासी बोलीत बोलतेय. सलग चार मिनिटं. मुलांनी मला खालची भाषांतराची पट्टी लिहून दिली होती : "आमच्याकडे पाणी नाही. खूप त्रास होतो." चार मिनिटांच्या बोलण्याला दोन वाक्यं. मला पावरी येत नाही. आमच्या घरी अहिराणी बोलतात. पण एवढं बोलणं एवढ्यात मावणार नाही हे कळायला भाषा यावी लागत नाही. शेजारच्या मोबाइल दुकानात धडगावकडचा एक मुलगा कामाला होता, त्याला बोलावून ऐकवलं. तो ऐकता ऐकता हसायलाच लागला. बाई म्हणत होती, हातपंप मागच्याच महिन्यात दुरुस्त झाला. मुलगा आणि सून ऊसतोडीला गुजरातेत गेलेत, नातवंडं तिच्याजवळ आहेत, धाकटा फार द्वाड आहे. मग तिनं विचारलं होतं, की मागे आले होते तेही फोटो काढून गेले, परत कुणी दिला नाही. तुम्ही कधी आणून देणार?

मी त्या पोरांना फोन केला. पोरं म्हणाली, "ताई, विषय पाणीटंचाई आहे ना." त्या फिल्मला बक्षीस मिळालं. पट्टी मी तीच ठेवली होती, हे इथे कबूल करते.

पोरांवर माझा राग नाही. पारोळ्याचा किंवा शिंदखेड्याचा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा तोरणमाळचा घाट चढतो. जवळ दोन दिवस, एक मोबाइल, आणि स्पर्धेच्या पत्रकातला विषय : 'आदिवासी जीवन', 'कुपोषण : एक समस्या', 'दुर्गम भागातील स्त्री'. उत्तर आधीच लिहिलेलं आहे, त्यानं फक्त चित्रं भरून आणायची. ते पत्रक तुम्ही काढता. गुण तुम्ही देता. म्हणून पत्र त्यांना लिहिलं नाही, तुम्हाला लिहिलं.

वर्गात माहितीपट शिकवताना सुरुवात बहुधा ल्युमिए बंधूंपासून होते. १८९५, फ्रान्समधलं लिऑन शहर, कारखान्यातून सुटणारे कामगार. "आहे तसं वास्तव टिपलं," असं पोरं वहीत लिहून घेतात. पण कारखाना ल्युमिएंचाच होता. कामगार त्यांचे, फाटक त्यांचं, कॅमेरा त्यांचा. त्या एवढ्याशा दृश्याची तीन वेगवेगळी चित्रणं आज पाहायला मिळतात. म्हणजे मालकानं आपल्या माणसांना बाहेर यायला लावलं, आणि पुन्हा लावलं. रिकाम्या हंड्याची आजी तिथूनच आलीय. हे एवढं पहिल्या तासाला सांगितलं तरी पोरं पुढची प्रत्येक फिल्म वेगळ्या डोळ्यांनी बघतील. कॅमेरा कुणाचा, आणि समोरच्याला 'नको' म्हणायची सोय होती का, हे विचारतील.

दुसऱ्या तासाला रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' येतो, १९२२ चा. कॅनडाच्या उत्तरेकडचा बर्फ, इन्युइट शिकारी, त्याचं कुटुंब. बर्फाचं घर पुरतं बांधलं तर आत उजेड नाही, म्हणून चित्रणासाठी अर्धवट उघडं घर बांधलं. त्या काळी तिथले लोक बंदुका वापरत होते, पण फिल्ममध्ये शिकार जुन्या भाल्यांनी केली. त्या माणसाचं नावही नानूक नव्हतं. अलाकारियालाक हे नाव युरोप-अमेरिकेतल्या प्रेक्षकांना जड गेलं असतं, म्हणून सोपं दिलं. एका प्रसंगात तो ग्रामोफोनची तबकडी दातांनी चावून बघतो, जणू असलं काही कधी पाहिलंच नाही. प्रेक्षक हसतात. आपल्याकडच्या किती रील्समध्ये पाड्यावरच्या म्हाताऱ्याला पिझ्झा खायला देऊन त्याचं तोंड टिपलेलं असतं, आठवून बघा. शंभर वर्षं झाली, तबकडी तेवढी बदलली.

फ्लाहर्टीला नुसतं धोपटून सोडू नका मात्र. त्यानं तिथेच फिल्म धुतली आणि ज्यांची होती त्यांना पडदा लावून दाखवली. यंत्र हाताळायला, फिल्म धुवायला, पुढे काय टिपायचं ते ठरवायला तिथलेच लोक त्याच्याबरोबर होते. कापडावरचा वॉलरस बघून ती माणसं आरडाओरडा करत होती म्हणतात. आपल्या शिबिरांनी फ्लाहर्टीची खोटी शिकार तेवढी उचलली. पडदा लावायचं राहून गेलं.

मांडून दाखवणं हे काही पाप नव्हे, हेही पोरांना सांगा. त्यासाठी लांब जायला नको, चाळीसगावला जा. केकी मूस यांनी टेबलावर वस्तू मांडून अख्खे देखावे उभे केले आणि त्यांचे फोटो काढले. आयुष्यातला बराच काळ घराबाहेर न पडलेला तो माणूस टेबलावर जग मांडत होता, आणि ते टेबल आहे हे त्यानं लपवलं नाही. 'टेबलटॉप' हेच त्या कलेचं नाव. आजीला तिसऱ्यांदा हंडा घेऊन आणायचं असेल तर आणा बापडे. पण फिल्ममध्ये ते ऐकू येऊ द्या.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही.

लग्नाची फिल्म झाली की आधी घरच्यांना दाखवायची, हा आमचा नियम. नवरीची आई येऊन बसते. "हे काढ, यात माझे केस बघ कसे झालेत." काढते. "मामांना अजून दाखव, नाहीतर रुसतील." दाखवते. "जेवणावळीतलं ते भांडण टाकू नको." नाही टाकत. कुणाचं काय जाईल, कुणाचं काय राहील हे ती ठरवते, कारण पैसे ती देते. पाड्यावरची बाई पैसे देत नाही. तिच्या केसांचं काय झालंय हे तिला कुणी विचारत नाही. उलट केस जितके विस्कटलेले तितका शॉट चांगला. मला तरी या 'प्रतिनिधित्व' नावाच्या जड विषयाची उकल इथे झाली. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला आपली फिल्म तपासायचा हक्क मिळतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याची फिल्म त्याच्या माघारी जळगावच्या सभागृहात लागते आणि टाळ्या पडतात.

शिकत होते तेव्हा मी पहिली फिल्म आईवर काढली होती. कळण्याची भाकरी करतानाची. मी म्हटलं, जुनंच लुगडं राहू दे, छान दिसतं. तिनं ऐकलं नाही, उठून पेटीतली चांगली साडी नेसून आली. मी चिडले. ती म्हणाली, "लोकेस्ले माले फाटेल लुगडामा दखाडशी का?" तेवढ्यात तव्यावरची भाकर करपली. तोही शॉट आहे माझ्याकडे, आणि त्यावरची शिवीही. परक्या बाईनं मुकाट ऐकलं असतं, आईनं नाही ऐकलं. नवशिक्याला असं न ऐकणारं माणूस पहिल्यांदा भेटायला हवं. म्हणून म्हणते, पहिली फिल्म घरची काढू द्या, गल्लीतली काढू द्या. आपल्या ओट्यावर बसलेल्या माणसांची. ती नाही म्हणतील, भांडतील, "तुला रे काय कळतं" म्हणतील. आणि संध्याकाळी तोंड दाखवायचं असल्यानं पोरगं खोटी पट्टी लिहिणार नाही.

विषयांचा तोटा आहे का? रावेर-सावद्याकडे केळीच्या घडाला खांदा देणाऱ्या माणसाच्या मानेवरचा चीक कधी जवळून टिपलाय? डाळ मिलमध्ये भिंतीवर बसणारी पिवळी भुकटी? भुसावळला रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या बापाचं घर, जिथे दिवसा कुणी मोठ्यानं बोलत नाही? कानबाईच्या आदल्या रात्री रोट दळणाऱ्या काकूंचं बोलणं? यातल्या एकाही विषयाला दोन दिवस आणि जीपगाडी लागत नाही.

पण ओटा म्हटला की मला लगेच अडखळायला होतं, आणि तुम्हालाही व्हावं. ओटा सगळ्यांचा नसतो. 'माझं गाव' नावाच्या दहा फिल्म मी जुळवल्या असतील. मारुतीचं देऊळ, पार, आखाजीचे झोके, पाटीलवाड्याचं दार. दहापैकी एकीतही कॅमेरा भिलाटीत गेला नाही, भीमनगरात गेला नाही. आपल्या गावची फिल्म काढणारा पोरगाही परकाच असतो, दोन गल्ल्या ओलांडल्या की. हे त्याला सातपुड्यात जाऊन कळत नाही. तिथे सगळंच परकं असतं, म्हणून काहीच टोचत नाही. गावात टोचतं.

तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर म्हणून गाव आहे. तिथल्या दलित शेतकरी बायका कॅमेरा शिकल्या. त्यातल्या बऱ्याच जणींनी शाळा पाहिलेली नव्हती. शॉटची इंग्रजी नावं पाठ करण्याऐवजी त्यांनी आपली नावं ठेवली. डोळ्याला डोळा भिडवून, एका पातळीवर घेतलेला तो 'संघम शॉट', कारण त्यांच्या संघमच्या, म्हणजे गावातल्या बायकांच्या गटाच्या, बैठकीत सगळ्याजणी जमिनीवर एकाच पातळीवर बसतात. वरून किंवा खालून बघणाऱ्या शॉटना त्यांनी पटेल आणि गुलाम यांची नावं दिली. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरजच पडू नये. उभं राहून, बसलेल्या बाईवर मोबाइल धरणारा पोरगा काय करतोय हे खान्देशात कुणालाही एका शब्दात कळेल. त्याला आधी खाली बसायला सांगा. माझ्याकडे येणाऱ्या फुटेजमध्ये निम्मी माणसं मला वरूनच दिसतात, टाळू दिसतो त्यांचा.

तुमच्यापैकी एक सर मला म्हणाले होते, "मग परक्यानं फिल्म काढूच नये का? आम्ही पाड्यावर गेलोच नाही तर तिथलं दुःख दिसणार कसं?" प्रश्न खरा आहे. सरदार सरोवराच्या पाण्यानं अक्कलकुव्यातलं मणिबेली वेढलं जात होतं तेव्हा बाहेरचे कॅमेरे तिथे गेले नसते, तर आपण जळगावात बसून काही पाहिलं नसतं. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा 'नर्मदा डायरी' १९९५ साली आला, त्यामागे काही वर्षांचं जाणं-येणं होतं. आपल्या शेजारच्या मालेगावात फैझा अहमद खान बाहेरून आल्या आणि तिथल्या हौशी चित्रपटवाल्यांवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' केला. यंत्रमागावर काम करणारा एक किडकिडीत तरुण त्यात सुपरमॅन होतो. आपण पोट धरून हसतो, पण त्याला हसत नाही, त्याच्याबरोबर हसतो. म्हणजे परकेपण आडवं येतंच असं नाही. दोन दिवसांची सहल मात्र येते.

आणि वेळ देऊनही सगळं साधतं असं नाही. 'रायटिंग विथ फायर' ही फिल्म २०२१ ची, 'खबर लहरिया' ही बातम्या देणारी संस्था चालवणाऱ्या बायकांवरची, ऑस्करच्या शेवटच्या नामांकनांपर्यंत गेलेली. करणाऱ्यांनी काही वर्षं त्यांच्यासोबत काढली होती, हेतूही चांगला. तरी ऑस्करच्या तोंडावर 'खबर लहरिया'नं जाहीर केलं की यात आमचं काम एकाच बाजूचं दिसतं, ही आमची पुरती गोष्ट नाही. मला यात भांडणापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. ज्यांच्यावर फिल्म आहे त्या स्वतः पत्रकार होत्या, म्हणून त्यांना बोलता आलं आणि ते छापून आलं. धडगावच्या त्या बाईनं कुठे निवेदन काढावं?

१९६६ साली अमेरिकेत ॲरिझोनातल्या नावाहो लोकांना कॅमेरे देऊन बघायचं दोन संशोधकांनी ठरवलं. परवानगीसाठी ते सॅम याझी नावाच्या वडीलधाऱ्या माणसाकडे गेले. त्यानं विचारलं, यानं मेंढ्यांचं काही नुकसान होईल का? नाही म्हणाले. मग मेंढ्यांचं काही भलं होईल? तसंही नाही. मग फिल्म काढायची कशाला? हा प्रश्न माझ्याकडच्या कच्च्या फुटेजमध्ये दर वर्षी असतो. कधी अहिराणीत : "कसाले काढी राहिना रे भाऊ?" उत्तर म्हणून पोरं कॉलेजचं नाव सांगतात. मी तो तुकडा कापते.

एक गंमत सांगायची राहिली. तुमच्या वर्गात धडगाव, अक्कलकुवा, यावलच्या पाड्यांवरची मुलं आहेत, आदिवासी वसतिगृहात राहणारी. शिबिराला तुम्ही त्यांना नेता ते वाट दाखवायला आणि दुभाष्या म्हणून. श्रेयनामावलीत त्यांचं नाव 'विशेष सहकार्य'मध्ये येतं. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात. त्यातल्या एकाला मी विचारलं, तुला दिला तर तू काय काढशील? मला वाटलं होळी म्हणेल, काठी गावची राजवाडी होळी, तिथे नाचणाऱ्या बुध्यांच्या कमरेचे भोपळे, ड्रोनवाल्यांना आवडतं ते सगळं. तो म्हणाला, "कॉलेजची पोरं आमच्याकडे येऊन दोन दिवस काय काय करतात, ते काढेन." मी त्याला माझा जुना कॅमेरा द्यायला तयार आहे. तुम्ही त्याला स्पर्धेत घ्याल का, एवढंच कळवा.

बाकी मागणं फार नाही. पुढच्या पत्रकातून विषयांची यादी काढून टाका, निदान पहिल्या वर्षासाठी. पायी जाता येईल इतक्या अंतरातली फिल्म चालेल, उलट तीच हवी, असं लिहा. पाच मिनिटांच्या फिल्मबरोबर वीस मिनिटांचं कच्चं फुटेजही मागवा आणि परीक्षकांनो, तेही बघा. कंटाळा येईल, पण कॅमेऱ्यामागचा आवाज ऐकू येईल. पट्टीचं भाषांतर कुणी केलं त्याचं नाव श्रेयनामावलीत वर घ्या, आणि ती भाषा येणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्या. आणि ज्यांची फिल्म त्यांना ती दाखवल्याशिवाय प्रवेशिका घेऊ नका. त्यांनी बघून काय म्हटलं तेही फिल्मच्या शेवटी जोडायला सांगा. फ्रान्समध्ये जाँ रूश आणि एदगार मोरँ यांनी हे १९६१ सालीच 'क्रॉनिकल ऑफ अ समर'मध्ये केलं. लोकांना दाखवली तेव्हा कुणी म्हणालं खोटी वाटते, कुणी म्हणालं फारच उघडीवाघडी आहे. ती सगळी बोलणी त्यांनी फिल्ममध्ये ठेवली. आपल्याकडे त्याला एक चादर, एक प्रोजेक्टर आणि पाड्यावरची वीज टिकली तर दीड तास लागतो.

बासरी मात्र कृपा करून बंद करा. निदान मला तरी ती परत लावायला सांगू नका.

ती चार मिनिटांची क्लिप अजून माझ्या हार्डडिस्कवर आहे, न कापलेली. पेनड्राइव्हवर भरून ठेवलीय, सोबत बाईचा फोटोही छापून घेतलाय, मोठा, लॅमिनेशन केलेला. यंदाच्या शिबिराची गाडी धडगावकडे निघाली तर जाताना माझ्याकडून घेऊन जा. पाड्याचं नाव क्लिपच्या सुरुवातीला पोरांनी घेतलंय. बाईचं नाव चार मिनिटांत कुणी विचारलेलं नाही, तेवढं विचारून घ्या.

आपली,
एक मिक्सिंगवाली, जळगाव